मुक्ताच्या मापाची ब्लेडं

साखर कारखान्याच्या अतिथिगृहामागे दीड एकर हिरवळ होती, आणि तिला रोज एक टँकर पाणी लागत असे. हे साल २०१३चं. बिंदुसरा नदीवरच्या तळ्याला भेगा पडल्या होत्या. पाली गावात सिंधुबाई दोन घागरींसाठी तीन तास उभी राहायची, आणि त्याच वेळी तिचा नवरा आश्रुबा ओव्हाळ कारखान्यावर नळी धरून गवताला पाणी पाजत असायचा. तीच त्याची नोकरी होती. घरी आला की सिंधुबाई विचारायची, "भागली का गवताची तहान?" आश्रुबा ओल्या चपला दाराबाहेरच काढून ठेवायचा.

ऊस नसल्यामुळे त्या वर्षी कारखान्याचं गाळप बंद होतं. हिरवळीवरचा गोल्फचा सराव मात्र बंद नव्हता. सहकारी कारखान्यांच्या संघानं पुण्याला स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक कारखान्यानं सभासदांच्या घरचा एक खेळाडू पाठवायचा, आणि पहिल्या तिघांना तिथल्या मैदानावर शिकाऊ प्रशिक्षकाची जागा मिळणार होती. चेअरमन माणिकरावांनी वार्षिक सभेत माईक हातात घेऊन सांगितलं, "ज्याचा हात सगळ्यात चांगला, तो जाईल. त्याला कारखाना गोल्फच्या काठ्यांचा नवीन संच देईल, घडीव ब्लेडचा. आणि हात कुणाचा चांगला, हे आपला आश्रुबा ठरवील. त्याच्याइतकं कळणारा जिल्ह्यात कुणी नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आश्रुबा मंडपाच्या कडेला नळीची गुंडाळी घेऊन उभा होता. त्यानं ते खरं मानलं.

न मानायला कारणही नव्हतं, कारण त्याला खरंच कळत होतं. बहात्तरच्या दुष्काळात बाप सरकारी कामावर खडी फोडत असताना चौदा वर्षांचा आश्रुबा एका ट्रकवर बसून पुण्याला गेला आणि गोल्फच्या मैदानावर कॅडी झाला. एकतीस वर्षं त्यानं दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहिली. सोमवारी मैदान सभासदांना बंद असे, तेव्हा कॅडींना खेळू देत. एवढ्या सोमवारांवर तो असा खेळायला शिकला की मोठे मोठे साहेब नवीन आयर्न, म्हणजे चेंडू मारायची लोखंडी पात्याची काठी, घ्यायच्या आधी त्याला विचारत.

तो सांगे ते अगदी साधं होतं. आयर्न दोन तऱ्हेची. एक ओतीव, पाठीत खळगा आणि तळ रुंद. चेंडू जरा इकडे तिकडे लागला तरी ती सांभाळून घेते. दुसरी घडीव ब्लेड, एकाच तुकड्यातून ठोकून काढलेली, पाठ सपाट, पातं बारीक. मधोमध लागला तर चेंडू सांगितल्या जागी जातो, नाही तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. ब्लेड दिसायला देखणी, म्हणून ज्याला त्याला ती हवी असे. एका कर्नलसाहेबांना आश्रुबानं तोंडावर सांगितलं होतं, "अजून दोन वर्सं थांबा, साहेब. हात तयार न्हाई." कर्नल महिनाभर बोलले नाहीत. मग स्वतःहून आले आणि आपली जुनी सात नंबरची आयर्न त्याला देऊन गेले.

पण या एकतीस वर्षांत त्यानं आपल्या माणसासाठी एकदाही आयर्न निवडली नव्हती. आपलं माणूस खेळणार कुठं?

आता तो गावी परतून कारखान्यावर लागला होता, आणि आपलं माणूस खेळत होतं. मुक्ता ही त्याच्या वारलेल्या भावाची मुलगी; तो भाऊ कारखान्याचा सभासद होता. आश्रुबाला मूलबाळ नव्हतं; तिला त्यानं आणि सिंधुबाईनंच वाढवलं. ती तेवीस वर्षांची होती. कर्नलसाहेबांच्या त्या सात नंबरावर ती शिकली, आणि तळं आटल्यावर तर तिला मैदानच मिळालं. भेगाळलेल्या चिखलावर पातं किंचित खाली गेलं की मनगट मुडपतं, म्हणून तिला चुकायची सोयच नव्हती. सात नंबराच्या पात्यावर मधोमध रुपयाएवढी जागा घासून गुळगुळीत झाली होती. त्या रुपयाबाहेर ओरखडा नव्हता.

तिच्यासमोर होता बद्रीनाथ, माणिकरावांचा मुलगा. सहा फूट उंच, स्वभावानं वाईट नाही, पुण्याच्या क्लबचा सभासद. त्याची पाठीत खळगा असलेली आयर्न त्याला छान शोभत होती. टोक, टाच, मान, सगळीकडे चेंडूचे डाग.

आश्रुबानं आपल्या पद्धतीनं चाचणी घेतली. दोघांच्या आयर्नला खडू फासला आणि प्रत्येकी वीस चेंडू मारायला लावले. चार संचालक खुर्च्या टाकून बसले होते. मुक्ताचे एकोणीस चेंडू एका ठशात बसले. बद्रीनाथचे ठसे कोंबडी पीठ सांडलेल्या जागेवरून फिरून गेल्यासारखे होते. तो स्वतःच हसला आणि म्हणाला, "काका, मला दाखवूच नका." आश्रुबानं कागदावर मुक्ताचं नाव लिहून खाली सही केली. संचालकांनी मान हलवली.

ब्लेडचा संच आला. एकेक आयर्न हातात घेताना आश्रुबाला आपले हात मळके वाटले, त्यानं ते दोनदा धुतले. पण मुक्ता ठेंगणी. दांडे तिला लांब होते, म्हणून पाती टोकाकडून उचलली जात होती. घडीव लोखंडाचा गुण असा की त्याची मान, जिथं दांडा बसतो ती, थंडच वाकवता येते, ओतीव तुटते. तो संच पोत्यात गुंडाळून नेकनूरला म्हाळू लोहाराकडे गेला.

म्हाळू ऊसतोड्यांचे कोयते करायचा. त्यानं पातं नखानं वाजवलं. "कोयत्यापरीस मऊ हाय बे हे. हेनं काय तोडता?"

"काही तोडत न्हाईत. चेंडू मारतेत."

"एवढ्या लोखंडानं? चेंडूनं काय घोडं मारलंय?"

तो हसला, पण काम जपून केलं. लोखंडी पकडीत चामडं घालून एकेक मान धरली. आश्रुबानं कोन सांगितला, म्हाळूनं केसभर केसभर वाकवलं. दुपारपर्यंत नऊच्या नऊ झाल्या. आश्रुबा चहा सांगून आला, तोवर म्हाळूनं आपल्या सवयीनं शेवटचं काम उरकलं होतं. त्याच्या हातून निघालेल्या प्रत्येक कोयत्यावर तो मालकाचं नाव ठोकतो, कारण टोळीच्या झोपड्यांत शंभर कोयते एकत्र पडतात आणि दुसऱ्याच्या कोयत्यानं हाताला फोड येतात. त्यानं नऊही आयर्नच्या मानेवर बारीक छिन्नीनं ठोकलं होतं: मुक्ता.

"आरं, कारखान्याचा माल हाय," आश्रुबा म्हणाला.

"माप तिचं, मग नाव कुणाचं टाकू? चेअरमनचं?"

आश्रुबानं थोडा विचार केला. निवड झाली होती, सही झाली होती. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

आठ दिवसांनी अतिथिगृहाच्या ओसरीत कार्यक्रम झाला. हार होते, छायाचित्रकार होता. मुक्ता नवी सलवार घालून पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी सिंधुबाई. माणिकरावांनी संच उचलला आणि नाव पुकारलं, चिरंजीव बद्रीनाथ. एक संचालक छताकडे बघू लागला, दुसऱ्यानं बुटाची लेस बांधायला घेतली. ज्यांनी वीस चेंडू डोळ्यांनी पाहिले होते तेच हे लोक. बद्रीनाथनं ओशाळून एक आयर्न पिशवीतून काढली, मान बघितली आणि तो थांबला.

"बाबा, यावर मुक्ताचं नाव आहे."

माणिकराव छायाचित्रकाराला म्हणाले, "तू जरा बाहेर जा." मग आश्रुबाला जवळ बोलावलं. "हे काय केलंस?"

"माप केलं, साहेब. तुमीच सांगितलं व्हतं, ज्याचा हात चांगला."

"अरे, सभेत बोलावं लागतं. संघाचे सगळे चेअरमन तिथं येणार. त्यांच्या पंगतीत मी कारखान्याचा खेळाडू म्हणून कुणाला उभं करू, पाणीवाल्याच्या पुतणीला?" ते आवाज न चढवता बोलत होते, जणू पावसापाण्याचं बोलणं चाललंय. "उद्या ते नाव कानशीनं घासून काढ आणि ते वाकवलेलं सरळ कर. बद्रीच्या उंचीला."

एकतीस वर्षं आश्रुबानं साहेब लोकांचे टोमणे पिशवीबरोबर वाहिले होते. त्यांतला एकही इतका जड नव्हता. कारण ते लोक निदान त्याच्या नजरेवर विश्वास ठेवत. यांनी त्याची नजर मंडपात मिरवली आणि ओसरीत पुसून टाकली.

"साहेब, एक विचारू? तोडकऱ्याच्या हातचा कोयता काढून तुमी कधी मुकादमाच्या पोराला दिलाय का?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"ऊस पडायचा न्हाई म्हणून देत न्हाई. मग हितंच कावून? हे लोखंड वाकतंय, साहेब. म्हाळूकडं नेलं तर सांजच्याला सरळ होईल, खोटं कशाला बोलू. पर मी मोजून देणार न्हाई. अन् मी मोजल्याबिगर म्हाळू हात लावणार न्हाई."

"नोकरीचं काय, मग?"

"गवताला पाणी पाजायला कुणीबी मिळंल," आश्रुबा म्हणाला आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. मागून सिंधुबाईचा आवाज आला, "चला. टँकर यायची वेळ झालीय." एवढंच बोलून ती उठली, आणि तिच्यामागे मुक्ता.

माणिकरावांनी खरंच म्हाळूकडे जीप पाठवली. म्हाळूनं नऊही आयर्न बघून परत पोत्यात घातल्या आणि ड्रायव्हरला सांगितलं की माप घेऊन आश्रुबाला पाठवा. बद्रीनाथ शेवटी आपल्या जुन्या आयर्न घेऊन पुण्याला गेला आणि पहिल्याच दिवशी बाहेर पडला. प्रशिक्षकाच्या त्या जागा दुसऱ्या कारखान्यांच्या मुलांना मिळाल्या. ब्लेडचा संच चेअरमनच्या खोलीत काचेच्या कपाटात लागला, नावाची बाजू भिंतीकडे करून. आजही तो तिथंच आहे, आणि पाहुण्यांना सांगतात की आमचा कारखाना खेळाला उत्तेजन देतो.

मुक्ता महिनाभर तळ्यावर गेली नाही. मग एका सकाळी तिनं आश्रुबाला विचारलं, "नाना, पुण्याला कॅडींना सोमवारी अजून खेळू देतेत का?"

आश्रुबा भाकरी खात होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्याला दुष्काळानं ट्रकवर बसवलं होतं. तिला दुष्काळ बसवत नव्हता. तळ्याच्या चिखलावरसुद्धा ती शिकली होती. तिला माणसं बसवत होती. त्यानं ताट बाजूला सारलं.

"देतेत," तो म्हणाला. "पर पिशवी वाहावी लागंल."

"वाहीन की. तुमी वाहिली."

"मी वाहिली, म्हणून तुला वाहायची पाळी नको व्हती."

ती नेकनूरच्या एसटीनं बीडला आणि तिथून पुढं गेली. आश्रुबानं थांब्यापर्यंत सात नंबर स्वतः धरला होता. गाडी आल्यावर त्यानं तो तिच्या हातात दिला. आदल्या दिवशी त्यानं तो म्हाळूकडून दांड्यात इंचभर कमी करून घेतला होता, आणि मानेवर, कर्नलसाहेबांच्या आद्याक्षरांच्या खाली, तिचं नाव ठोकून घेतलं होतं.