मुद्देमाल : एक मातीचा माठ

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. ही घटना मात्र मिसळत नाही. चहाचा पहिला घोट घेतला की ती आठवते, आणि चहा मी रोज घेतो.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सोनाळ्याकडून सातपुड्याचा डोंगर दिसतो, तिथलं पाणी गोड. तिथून खाली पूर्णा नदीकडे उतरत गेलं की जमीन काळी आणि पाणी खारं होत जातं. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चहाला खारट चव येते, आणि माठाच्या बाहेरच्या अंगाला मिठाचा पांढरा थर चढतो. घराघरात मूत्रपिंडाचे आजार. बदलून आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं, नंतर त्याची सवय होते. मलाही झाली होती.

डोंगराजवळच्या धरणातून खालच्या गावांसाठी गोड्या पाण्याची मोठी पाइपलाइन गेली होती. वाटेत ती एका वस्तीच्या उशाशी होती. वस्ती कोणत्या समाजाची हे मी लिहीत नाही. गावाबाहेर, गायरानावर, असं सांगितलं की आपल्याकडे पुढचं सगळ्यांना कळतं. जागा सरकारी, घरं अतिक्रमणात, म्हणून नळ मंजूर नाही. मतदार यादीत वस्ती होती, नळयोजनेच्या नकाशात नव्हती. वस्तीला एकच हापशी, तीही खारी.

उन्हाळ्यात एके दिवशी योजनेचे कनिष्ठ अभियंता फिर्याद घेऊन आले. वस्तीच्या अलीकडच्या व्हॉल्व्हला कोणीतरी छिद्र पाडून चोरून नळी जोडली होती, तिथला जोड उखडला आणि लाइन फुटली. खालच्या गावांचं पाणी बंद झालं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल केला. स्थळ पंचनाम्यात नळीचा तुकडा सापडला, पण फुटलेल्या पाण्याच्या चिखलात बाकी काही उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी खालच्या गावांतल्या बाया रिकामे हंडे घेऊन ठाण्यासमोर बसल्या. त्यांना घेऊन आलेले पुढारी माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "ठाणेदार साहेब, आरोपी पायजे. नाही तं उद्या रस्ता रोको." याच पुढाऱ्यांनी मागच्या निवडणुकीत वस्तीत उभं राहून नळाचं वचन दिलं होतं. बायांचं मात्र खोटं नव्हतं. एक म्हातारी मला म्हणाली, "लेकरं खारं पाणी पिऊन उलट्या करून राह्यले, बापा."

बातमी दिली एका बांगडीवाल्याने. मोटारसायकलवर पेटी बांधून तो वस्त्यांवर फिरायचा.

"साहेब, लाइन फुटायच्या आधी महिनाभर त्या वस्तीतल्या बाया हापशीवर भांडत नव्हत्या."

"मग?"

"मंग काय! दहा साल झाले जाऊन राह्यलो तिकडं. त्याच्या आधी हापशीवर भांडन नाही असा दिवस नाही पाहिला. भांडन बंद म्हणजे दुसरीकडून काही तरी भेटत होतं."

वस्तीत पूर्वी लाइनवर काम केलेलं कोणी आहे का, एवढीच चौकशी करायला मी हवालदाराला घेऊन गेलो. हवालदार याच भागातले, निवृत्तीला आलेले. पाइपलाइन टाकताना ठेकेदाराकडे फिटर असलेला एक माणूस तिथे राहत होता. तो घरी नव्हता. त्याची बायको खाटेवर बसली होती, चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. सासू बाहेर तुरीच्या काड्या मोडत होती.

"बसा साहेब," बायको म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. आम्ही नको म्हणालो. "नको काऊन? पाव्हणे हाय ना तुम्ही," म्हणून तिने स्टोव्ह पेटवला.

चहा आला. मी घोट घेतला. हवालदारांनी घेतला आणि माझ्याकडे न पाहता कपाकडे पाहत राहिले. चहाला खारेपणा नव्हता.

मी घरात नजर टाकली. दारातल्या माठावर हातभर पांढरा थर होता. खाटेशेजारचा माठ स्वच्छ लाल. त्यावर एक स्टीलचा ग्लास पालथा ठेवलेला.

चहा पिऊन झाल्यावर मी पंचांना बोलावलं.

हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, नमुना म्हणून एक बाटली पुरे ना."

"पंचनामा मी करतोय," मी म्हणालो. पुढे न्यायालयात कोणी बोट ठेवू नये म्हणून माठ भरलेलाच जप्त केला. तोंडाला फडकं बांधलं, लाखेचं सील लावलं. सासूने विचारलं, "आता हिले कोणतं पानी देऊ?" मी जीपमध्ये बसलो.

तो माणूस संध्याकाळी स्वतःच ठाण्यात आला. चौकशीला पाच मिनिटंही लागली नाहीत.

"मीच केलं. काऊन केलं ते इचारा ना."

"सांग."

"बायकोले डायलिसिस हाय, हप्त्यातून दोनदा. डॉक्टर बोलले, खारं पानी बंद, आन् गोडं बी मोजून. दिवसाचे चार गिलास. लाइन मीच टाकली होती साहेब. कोठी जोड कच्चा हाय मले मालूम. खालच्यायचं पानी तोडाचं नव्हतं माह्या मनात."

"वस्तीलाही दिलंस?"

"मंग? एकट्याच्या घरी पानी लपते काय?" तो थोडा हसला. मग म्हणाला, "तुम्ही चहा पेले ना तिच्या हातचा? ते तिच्या चार गिलासातलं होतं. मी घरी असतो तं खाऱ्याचाच करू देला असता."

त्यावर मी काहीच लिहून घेतलं नाही. जबाबात त्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात हजर केलं आणि तो न्यायालयीन कोठडीत गेला. लॉकअपमधून निघताना त्याने एकच गोष्ट मागितली : त्याच्या बायकोला मंगळवारी आणि शुक्रवारी कोणीतरी दवाखान्यात न्यावं. बसच्या पायऱ्या तिला एकटीला चढवत नव्हत्या. मी म्हणालो, बघतो. मला खरंच बघायचं होतं. मंगळवारी मोर्चाचा बंदोबस्त होता. शुक्रवारी मी हवालदारांना पाठवलं, तेव्हा ती बोलत नव्हती. रविवारी गेली. अंत्यसंस्कारासाठी त्याला बंदोबस्तात आणलं. त्या बंदोबस्ताच्या आदेशावर मीच सही केली.

पुढे एका डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, एका माठाने काही झालं नसतं, डायलिसिस चुकलं हे खरं कारण. मला धीर यावा म्हणून त्यांनी ते सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्याच हातच्या होत्या, हे त्यांना माहीत नव्हतं.

खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला. न्यायालयाने भोगलेल्या कैदेवर शिक्षा भागवली आणि माठ मालकाला परत करण्याचा आदेश दिला. तोवर दोन उन्हाळे गेले होते. माझी बदली झाली होती, पण त्या दिवशी दुसऱ्या एका खटल्यातल्या साक्षीच्या कामासाठी मी जुन्या ठाण्यात होतो. मुद्देमाल कारकुनाने माठ टेबलावर ठेवला आणि नोंदवही पुढे सरकवली. लाख शाबूत होती, फडकं पिवळं पडलं होतं.

त्याने नोंद बोट फिरवत वाचली. मग माठ उचलला आणि हलवून पाहिला.

"साहेब," तो मला म्हणाला. आवाजात राग नव्हता. "इथं लिहेल हाय, पान्यानं भरलेला. हा तं रिकामा हाय. सही करू?"

कारकून म्हणाला, "अरे, मातीचा माठ, उडून गेलं असेल."

"हाव, तेच म्हणतो मी. करू काय सही?"

तो माझ्याकडेच पाहत होता. मी मान हलवली. त्याने सही केली आणि माठ काखेत घेऊन, सील न फोडता, निघून गेला.

चोरी झाली होती, खालच्या गावांची लेकरं आजारी पडली होती, आरोपी खरा होता. तपासात मला आजही चूक सापडत नाही, आणि मी पुष्कळदा शोधली आहे. चूक माठाच्या पंचनाम्यात होती. त्यानंतरच्या नोकरीत कोणतीही वस्तू जप्त करण्याआधी मी एक प्रश्न विचारत आलो : ही नेल्याने या घरात आज कोणाचं काय अडेल? हा प्रश्न कोणत्या नियमावलीत नाही. 'एक बाटली पुरे ना' म्हणताना हवालदारांनी मला तोच त्या दिवशी विचारला होता.

मागच्या वर्षी त्या रस्त्याने गेलो. व्हॉल्व्हभोवती आता सिमेंटची खोली आहे, तिला लोखंडी दार आणि कुलूप. पलीकडे हापशीवर बाया भांडत होत्या.