वेस उघडली ती संध्याकाळ

विझलेल्या काडीचा वास आला की मला दिंद्रुडच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. तुमची आत्या तेव्हा कॉलेजात होती आणि कॉम्प्युटरवर देशोदेशीच्या मुलांबरोबर लढाईचा एक खेळ खेळायची. त्या दिवशी खेळातल्या गावाची वेस राखायचं काम तिच्याकडे होतं. भाकरी थापायला उठताना ती म्हणाली, "आई, माझ्या जागी बस. वेस बंद हाय, नुसतं बघत राहा." पडद्यावर अंधारू लागलं. दिवेलागणीला दार बंद ठेवू नये, ही माझी जन्माची सवय. देवापुढे दिवा लावून आले आणि मी वेस उघडली. क्षणात शत्रू आत घुसले, घरं पेटली. पिठाच्या हातांनी ती धावत आली. "कावून उघडलंस गं? खेळ बनवणारी कंपनी आमी केलेलं सगळं खेळाच्या इतिहासात लिहिती, मग पुसत न्हाई!" "मग मी उघडलं म्हणून सांग की." "तिथं माझंच नाव हाय. अन् तुला कुणी बोललेलं मला न्हाई चालणार." कंपनीने तो इतिहास लिहायला आठ दिवस लावले. तिला सोबत्यांचे फोन यायचे, ती 'चूक माझीच' म्हणायची. शेवटी खेळातल्या त्या वेशीत एक दगड उभा राहिला, त्यावर तिचं नाव आणि पुढे 'फितूर'. परवा तुम्हीही तोच खेळ सुरू केल्याचं सांगितलंत, म्हणून आज हे सांगते आहे. कधीतरी तुम्ही त्या दगडापाशी पोहोचाल, आणि दार मी उघडलं होतं हे तिने अजून कुणालाही सांगितलेलं नाही.