कुंपणामागचा रस्ता

घोडेगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी दोन वर्षं शिकवायला होते. मोबाईलला इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तेव्हाची गोष्ट. क्लासमध्ये आठ कॉम्प्युटर, त्यांतले सहा चालू. शिकवणारे आम्ही दोघंच: मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठे एक सर. मालक मंचरला राहायचे, आठवड्यातून एकदा चक्कर टाकायचे. माझं घर शिनोलीला. वडील एसटीत ड्रायव्हर, बरीच वर्षं भीमाशंकरच्या गाडीवर.

क्लासमध्ये दर महिन्याला पुण्याहून कॉम्प्युटरचं एक मासिक यायचं, सोबत सीडी. एकदा त्या सीडीत गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचा डेमो आला. खेळ बाजारात यायला अजून तीन-चार महिने होते. आपण द्राक्षं घेण्याआधी एक मणी तोंडात टाकून बघतो, तसा कंपनीनं चाखायला दिलेला हा तुकडा. एक गाडी, एक रस्ता, दोन फेऱ्या. दुसरी फेरी संपली की पडदा काळा आणि 'लवकरच येत आहे' अशी इंग्रजी अक्षरं.

दुपारी बॅच नव्हती. मी सहज बसले आणि संध्याकाळची पोरं जिना चढेपर्यंत उठले नाही. परदेशातला कुठलासा डोंगर, कडेला बर्फ, लाल गाडी. तिच्या काचेवरून झाडांची प्रतिबिंबं सरकत जायची, ते बघून मी पहिल्याच वळणावर कठड्याला धडकले. पाच-सहा वेळा धडकल्यावर मला वडिलांचं बोलणं आठवलं. लहानपणी मी त्यांच्या गाडीत बॉनेटजवळच्या सीटवर बसून जायचे, तेव्हा ते म्हणायचे, "वळणाच्या आधी गाडी आवरायची, वळणात सोडायची. वळणात ब्रेक मारतो तो ड्रायव्हर रस्त्याला न्हाई, सवताला घाबरतो." तसं केलं आणि गाडी वळणातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

त्या रात्री मी वहीत चार पानं लिहिली. इंजिनाचा आवाज कसा आहे, गाडी कुठं जड वाटते, बर्फावर घसरते ते खरं का वाटत नाही, सगळं. वडिलांचं वाक्यही लिहिलं. दुसऱ्या दिवशी वही सरांना दाखवली. त्यांनी उभ्याउभ्या वाचली. "बरं लिहितेस की! राहू दे माझ्याकडं, निवांत वाचतो," म्हणाले.

दोन आठवड्यांनी वडील ड्युटीवरून आले ते हातात एक साप्ताहिक घेऊन. नारायणगावला निघायचं ते, तिकडच्या आणि आमच्या, दोन्ही तालुक्यांत जायचं. खाटेवर बसून ते वाचायला लागले आणि थबकले.

"पोरी, हे माझं बोलणं हितं कसं आलं?"

माझी चारही पानं छापली होती. शब्दाला शब्द. वर सरांचं नाव, फोटो. 'माझे वडील म्हणतात' याच्या जागी 'आमच्याकडचा एक साधा ड्रायव्हर म्हणतो' एवढाच बदल. वडिलांनी तो 'साधा' दोनदा वाचला. मग साप्ताहिकाची घडी घालून उशीखाली ठेवली आणि जेवायला बसले.

मी सकाळी क्लास उघडायच्या आधी जिन्यात उभी राहिले.

"सर, ते माझं लिहिलेलं होतं."

त्याला लाज वाटली नाही. इथून पुढं मी त्याला 'तो'च म्हणणार आहे.

"अगं, तुझ्या नावानं दिलं असतं तर छापलं असतं का त्यांनी? एक तर बाईमाणूस, त्यात गाड्यांचा खेळ. आणि तुमचं आडनाव..." तो तिथं थांबला आणि किल्ल्या शोधायला लागला.

आमचं आडनाव काय सांगतं ते तालुक्यात कुणालाही कळतं. आजोबांच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला, घरातले देव गेले, वागणं बदललं, शिक्षण आलं. आडनाव तेवढं तेच राहिलं. त्याचं घराणं जुनं जमीनदार, कालव्याकडेला बागायत. त्यानं वाक्य पुरं केलं असतं तर कदाचित मी भांडून मोकळी झाले असते. त्यानं ते अर्धं सोडलं, म्हणून ते माझ्या डोक्यात राहिलं.

मी भांडले नाही. नोकरीही सोडली नाही. रोज त्याला चहा आल्याचं सांगायचे, गोड बोलायचे. आई म्हणायची, "झालं गेलं, सोड." मी हो म्हणायचे. मनात मात्र एकच होतं, हा माणूस चारचौघांत तोंडघशी पडला पाहिजे, आणि ते मला समोर उभं राहून बघायचंय.

संधी त्यानंच दिली. महिन्याभरानं त्याच खेळाचा दुसरा डेमो आला, नवीन रस्ता घेऊन. त्यानं सीडी माझ्या टेबलावर ठेवली.

"यावर पण काय वाटतं ते लिहून ठेव की. संपादक विचारत व्हते."

"लिहिते ना, सर. माझी वही तेवढी द्या परत."

लिहिलं. या वेळी पाच पानं, पहिल्यापेक्षा चांगली, आणि त्याला वही न देता नक्कल करून दिली. त्यात एक सोडून प्रत्येक गोष्ट खरी होती. चौथ्या पानावर मी लिहिलं की दुसऱ्या फेरीत पूल ओलांडल्यावर डाव्या हाताला लाकडी कुंपण लागतं. ब्रेक न लावता तिसऱ्या गिअरमध्ये त्यावर गाडी घातली तर कुंपण मोडतं आणि मागं धबधब्याजवळून जाणारा आडरस्ता उघडतो. असा रस्ता कुठंच नव्हता. कुंपण दगडासारखं होतं. तो खेळून बघेल अशी धाकधूक मला होती, पण फार नाही. तो कधी पहिल्या वळणापलीकडं गेलाच नव्हता.

साप्ताहिक आलं. मी स्टँडवर उभ्यानंच उघडलं. आडरस्ता जशाच्या तसा होता, आणि त्यात त्यानं स्वतःचं एक वाक्य घातलं होतं: 'मी स्वतः तीन वेळा या रस्त्याने गेलो, धबधब्याचे दृश्य अविस्मरणीय आहे.' मला इतकं हसू आलं की शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, लॉटरी लागली काय?"

आठ दिवसांनी, भरल्या बॅचला, एक गृहस्थ जिना चढून आले. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला होते, घरी कॉम्प्युटर होता, तेच मासिकही यायचं. स्वभावानं शांत, हातात साप्ताहिकाचं कात्रण.

"सर तुम्हीच ना? लेख छान आहे. पण तो रस्ता काही सापडत नाही बुवा. मी आणि माझा मुलगा दोन दिवस खटपट करतोय. जरा दाखवता का?"

तो म्हणाला, "आत्ता बॅच आहे." पण बॅचमधली पोरं आधीच खुर्च्या ओढून जमली होती. तीही घरोघरी लेख वाचून आली होती. "दावा की सर, दावा!"

मी डेमो लावून दिला. तो बसला. पहिल्या वळणावर धडकला. पोरं हसली नाहीत, वाट बघत राहिली. कसाबसा दुसऱ्या फेरीत पुलापर्यंत पोचला आणि कुंपणावर गेला. धाड. परत. धाड. पुन्हा, पुन्हा. त्याच्या मानेवर घाम आला होता. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं, आणि त्याला कळलं. मला दिसलं त्याला कळलेलं.

"सर," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही तर तीनदा गेला होतात ना?"

मग मी पर्समधून माझी वही काढली आणि त्या गृहस्थांच्या हातात दिली. "यात आडरस्ता आहे," मी म्हणाले, "पण तो मी रचलाय. आधीचा लेखही यातच आहे. आमच्या वडिलांसकट."

ते बराच वेळ पानं उलटत होते. कॉम्प्युटरवर लाल गाडी कुंपणाला टेकून उभी होती, इंजिन घुरघुरत होतं. शेवटी ते त्याला एवढंच म्हणाले, "हे बरं नाही केलंत." आणि खाली उतरून गेले. संपादकांना त्यांनीच कळवलं असणार, कारण पुढच्या अंकापासून खेळांवरचे लेखच बंद झाले. मी लेख पाठवून पाहिला तर उत्तर आलं, तूर्त या विषयावर काही छापायचं नाही. म्हणजे माझाही रस्ता मीच बंद केला होता. त्याचं वाईट वाटलं, पण त्या दिवसाचं नाही, आजही नाही.

तो दोन महिन्यांनी चाकणच्या एका कंपनीत लागला. पगार आमच्यापेक्षा चांगला होता, हे मी नंतर ऐकलं आणि मला आवडलं नाही.

वडिलांना मी सगळं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ते खोटं लिहिल्याबद्दल रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "कुंपणावर किती वेळा आदळला म्हनलीस?"

"सात."

"लई झालं," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्यानंतर घरी कुणी पावणं आलं की चहा होईस्तोवर ते मला हाक मारायचे, "ये पोरी, ते क्लासातलं सांग की यान्ला." मी सांगायचे. दर वेळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.