आईच्या कोपरावरचं जेल

औषध पोटात न घेता कातडीतून आत जाऊ शकतं, हे सिद्ध करण्यात माझी एम. फार्म.ची दोन वर्षं गेली. सूज आणि दुखणं कमी करणारं केटोप्रोफेन नावाचं औषध मी जेलमध्ये घालत होते. गोळीनं ज्यांच्या पोटात आग पडते त्यांच्यासाठी हा मार्ग, असं माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर होतं. ते वाक्य मी एका सीनियरच्या प्रबंधातून उचललं होतं, त्यानं ते त्याच्या सीनियरच्या. आमच्याकडे ज्ञान असंच पुढं जायचं.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहर पडेगावच्या पुढं सरकत होतं आणि पाणी मागंच राहिलं होतं. सहा महिन्यांत नळ येईल असं सांगून ज्यानं आम्हाला प्लॉट विकला, तो दुसरीकडे प्लॉट पाडायला निघून गेला. दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, तोही भर दुपारी, आणि आमची गल्ली अरुंद म्हणून तोंडाशीच थांबायचा. वडील चिकलठाण्याला कंपनीत, मी कॉलेजात. त्यामुळं रांगेत उभं राहणं आणि भरलेले कॅन घरापर्यंत आणणं हे आईचं काम.

मी मात्र तेव्हा लॅबच्या गारव्यात बसलेली असायचे. एक बाटली डिस्टिल्ड वॉटर तयार होईपर्यंत बादल्याच्या बादल्या पाणी नळीतून मोरीत जायचं. मला ते दिसायचं आणि मी पुन्हा कामाला लागायचे. काम आवडत होतं, खोटं कशाला बोलू? कार्बोपोलची पूड पाण्यात फुगू द्यायची, त्यात औषध मिसळायचं आणि शेवटी ट्रायइथेनॉलअमाइन थेंबाथेंबानं सोडायचं. दुधाळ पातळ पाणी बघता बघता घट्ट आणि नितळ व्हायचं. मग खाटकाकडून आणलेली बोकडाच्या कानाची कातडी काचेच्या दोन भांड्यांमध्ये ताणून बसवायची, वरून जेल लावायचं आणि खाली किती औषध उतरलं ते दर तासाला मोजायचं. माझं औषध चांगलं उतरत होतं. मला मार्गदर्शन करणारे सर खूश होते.

आम्ही मूळचे खुलताबादकडच्या एका खेड्यातले. तिकडं शेतात जाताना बायका साडीवर पुरुषाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात, उन्हासाठी आणि काट्याकुट्यासाठी. आई इथंही टँकरला तसाच वडिलांचा शर्ट घालून जायची. एकदा एक मैत्रीण मला स्कूटीवर सोडायला आली. गल्लीच्या तोंडाशी आईला पाहून तिनं विचारलं, ही तुमच्याकडे कामाला आहे का? मी विषय बदलला. घरात आल्यावर मात्र तोंड उघडलं. आईला म्हटलं, इथं तो शर्ट घालत जाऊ नकोस, लोक बघतात. तिनं तो शर्ट धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवला.

त्या उन्हाळ्यात आईचं उजवं कोपर धरलं. भाकरी थापताना सुद्धा हात मध्येच थांबायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर दोन दिवसांत पोटात अशी जळजळ सुरू झाली की तिनं जेवण सोडलं. माझ्या प्रबंधाचं पहिलं पान माझ्या घरातच बसलेलं होतं. मी कोल्ड क्रीमची रिकामी बरणी धुतली, माझ्या सर्वांत चांगल्या बॅचचं जेल तीत भरलं आणि घरी आणलं. लावायचं कसं तेही शिकवलं, मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात. ओझं उचलायच्या आधी लाव, टँकरचा हॉर्न वाजला की लाव, असं मीच तिला सांगितलं.

गुण आला. चार दिवसांत ती म्हणाली, दुखणं हाय, पण झोपलंय. त्या वाक्यानं मी जितकी हुरळून गेले, तितकी सरांच्या कौतुकानंही कधी गेले नव्हते.

पंधराएक दिवसांनी, संध्याकाळी घरी आले, तर आई चुलीपुढं बसावं तशी गॅसपुढं घामाघूम, आणि अंगात तो शर्ट. एवढ्या उकाड्यात शर्ट कशाला, म्हणून मी बाही वर केली. तिनं हात मागं ओढला, पण तोवर मला दिसलं होतं. कोपराभोवती कातडी लालभडक, त्यावर फोड, काही फुटून चिकट झालेले. आणि सगळं आखून काढल्यासारखं. जेल जिथवर लावलं होतं तिथवर भाजलेलं, त्यापुढं एक बोटभरही नाही.

"काय नाय गं, आतलं दुखणं बाहेर निघालंय," ती म्हणाली. "तुझं औषध लई लागू पडलंय."

फोड आल्यावरही ती रोज लावत होती. दुखणं लवकर निघावं म्हणून जरा जास्तच लावत होती. आणि मला सबमिशनच्या गडबडीत घोर नको म्हणून फोड शर्टाखाली झाकत होती.

मला एका क्षणात सगळं कळलं, कारण ते मीच टाइप केलं होतं. हे औषध लावलेल्या जागेवर ऊन पडू देऊ नये, कातडी भाजते, फोड येतात. माझ्या प्रबंधातलं वाक्य. तेही उचललेलंच, फक्त त्यातली स्पेलिंगची चूक मी दुरुस्त केली होती. तीस वर्षं तिचा हात झाकणारा शर्ट मी उतरवला, त्या हाताला हे औषध लावलं आणि तिला भर दुपारच्या रांगेत पाठवलं. शत्रूलाही इतकं नीट जमलं नसतं.

कातडीच्या डॉक्टरांनी कुठली ट्यूब म्हणून विचारलं. मेडिकलमधून आणली होती, असं मी सांगितलं. ते म्हणाले, लावणं बंद केलं तरी काही आठवडे ऊन टाळा. आईनं त्यांनाच विचारलं, मग पाणी कोण भरंल? त्यानंतर पाच वेळा मी भरलं. सहाव्या वेळी लॅबमध्ये काम निघालं.

सरांना मी सांगितलं, एवढं मात्र केलं. त्यांनी दार लोटून घेतलं. परवानगी नसताना माणसावर वापरलंस, हे बाहेर गेलं तर तुझी डिग्री गेली आणि माझीही चौकशी लागेल, असं ते शांतपणे म्हणाले. सशांवरच्या चाचणीचा तक्ता आहे ना, त्यात त्वचेचा त्रास शून्य आहे ना, मग झालं. तक्ता खराच होता. ससे तळघरात होते, खिडकीला जाड हिरवा पडदा होता. त्यांना कधी टँकरला जावं लागलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला आई हट्टानं आली. नवी साडी, उजव्या हातावर पदर. मागच्या खुर्चीवर बसून तिनं सगळं इंग्रजी मन लावून ऐकलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, त्वचेला काही त्रास आढळला का? मी माझ्या सरांकडे पाहिलं आणि म्हणाले, नाही, शून्य. आवाज खणखणीत निघाला, याचीच मला अजून लाज वाटते.

नंतर चहा झाला. परीक्षक भला माणूस होता. आईजवळ आले, मुलीचं काम उत्तम आहे म्हणाले, आणि सहज विचारलं, तुम्ही कधी लावून पाहिलं का हिचं औषध? तिच्या पदराखालचा हात अजून काळवंडलेला होता. चहाचा कप तिनं डाव्या हातात धरला होता. तिला कुणीही काही शिकवलं नव्हतं, मी तर या विषयावर घरात बोलणंच टाळत होते. तिनं माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं.

"नाय साहेब," ती म्हणाली. "मला कुठं काय दुखतंय."

ते हसले, टेबलाशी गेले आणि माझ्या निकालाच्या कागदावर सही केली. मी त्यांना थांबवलं नाही.