थर्मोस्टॅट स्वयंपाकघरात गेला

लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा या घराचं तापमान ठरवायचा अधिकार सासऱ्यांकडे, म्हणजे बाबांकडे होता. गच्चीवर खोलीएवढा कूलर, त्यातून पत्र्याच्या डक्टने हॉलमध्ये आणि झोपायच्या खोल्यांमध्ये गार हवा, आणि या सगळ्याचा कारभार हॉलच्या भिंतीवरच्या एका गोल चकतीकडे. ती चकती म्हणजे थर्मोस्टॅट. खोली ठरवल्यापेक्षा तापली की कूलर सुरू, गार झाली की बंद. चकती बाबांच्या खुर्चीच्या बरोबर वर होती. हा काही योगायोग नव्हता. बाबा वीज खात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळे घरातली कुठलीही वायर त्यांना विचारल्याशिवाय गरम होत नसे.

चकती कायम तिसावर. बाहेर पंचेचाळीस असो नाहीतर सत्तेचाळीस, आमच्यासाठी तीस. नवऱ्याने एकदा ती गुपचूप अठ्ठावीसवर नेली, तर थोड्याच वेळात बाबा आतून मफलर गुंडाळून आले आणि खुर्चीत बसले. मे महिन्यात मफलर घातलेल्या माणसाला बोलायची गरज पडत नाही. नवरा उठला आणि चकती परत तिसावर नेऊन आला.

सासूबाई या चर्चेत कधीच नसायच्या. त्या स्वयंपाकघरात असायच्या आणि स्वयंपाकघरात डक्ट नव्हता. घर बांधतानाच बाबांनी निकाल दिला होता की कूलरच्या हवेने गॅस विझतो आणि फोडणीचा वास घरभर जातो. त्याऐवजी तिथे पश्चिमेला एक ऐसपैस खिडकी दिली होती, म्हणजे दुपारच्या उन्हाला आत येऊन बसायची उत्तम सोय. मागच्या उन्हाळ्यात तिथे पोळ्या लाटताना सासूबाईंना चक्कर आली. आम्ही त्यांना धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, मानेचा फोटो काढला. सगळं उत्तम निघालं. डॉक्टर म्हणाले, "उन्हात जात जाऊ नका." सासूबाईंनी मान हलवली आणि घरी येऊन उरलेल्या पोळ्या लाटल्या. त्या उन्हात जातच नव्हत्या. ऊनच त्यांच्याकडे यायचं.

यंदा होळी झाली आणि कूलर लावला, तर चकती कितीही फिरवली तरी तो सुरूच होईना. मिस्त्रीने तपासून सांगितलं, "भिंतीतली वायर उंदरानं कुरतडली."

"कुठं कुरतडली?" बाबांनी विचारलं.

"थे उंदरालेच मालूम, काका. भिंत फोडून पाहू, नाई त वायरलेस लावू."

भिंतीला दिवाळीतच रंग दिला होता आणि तो रंग बाबांनीच पसंत केला होता. त्यामुळे विज्ञानाची प्रगती आमच्या घरात विनाविरोध दाखल झाली.

नव्या यंत्राचे दोन भाग होते. एक गच्चीवर कूलरजवळ बसला. दुसरी साबणाच्या डबीएवढी पांढरी डबी, आत सेल, वर आकडे, कुठेही उचलून न्यावी अशी. नवऱ्याने सगळ्यांना समोर बसवून ती समजावून सांगितली. "ही ज्या खोलीत ठेवाल ना, त्या खोलीचं तापमान बघते. ती खोली गार होईपर्यंत कूलर चालवते." हे वाक्य तो आईसमोर बोलला. पुढे जे झालं त्याला तोच जबाबदार, असं बाबांचं आजही मत आहे.

बाबांनी डबी आपल्या खुर्चीशेजारच्या टेबलावर ठेवली, तिसावर लावली, आणि राज्य जुन्या वळणावर सुरू झालं. मग नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला. एका दुपारी मी बाहेरून घरी परतले, तर हॉल थंडगार. कूलर थांबायचं नाव घेत नव्हता. बाबा शाल पांघरून टेबलाखाली वाकून काहीतरी शोधत होते.

"डबी कुठं गेली वं?" त्यांनी आतल्या दिशेने आवाज दिला.

"इथं हाय," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

आम्ही दोघं आत गेलो. डबी मिठाच्या बरणीशेजारी उभी होती. आकडा बेचाळीस. सासूबाई शांतपणे पोळी उलटत होत्या.

"काहून आणली इथं?"

"पोरगं म्हणे, जिथं ठेवली तिथलं सांगते. म्हटलं ठेवून पाहू. आता सांगून राहिली ना थे?"

बाबा डबी उचलून हॉलमध्ये घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मिठाशेजारी. भांडण नाही, आवाज नाही, नुसती डबी इकडून तिकडे. शेवटी बाबांनी शास्त्रीय भूमिका घेतली. डबी खोटी आहे. चिनी असावी. घरात बेचाळीस असूच शकत नाही. त्यांनी कपाटातून नोकरीच्या काळातलं काचेचं थर्मामीटर काढलं आणि डबीची लबाडी सिद्ध करायला स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले.

सासूबाईंनी त्यांच्यासमोर लसणाची परडी ठेवली. "बसलेच हा त सोला."

बाबा लसूण सोलू लागले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तवा तापला, खिडकीतलं ऊन सरकत त्यांच्या मांडीवर आलं. त्यांच्या बनियनचा रंग बदलला. एकदा पाणी प्यायला उठले, हॉलमध्ये जरा जास्तच रेंगाळले, आणि माझ्याकडे बघून परत आत गेले. मी दारातच उभी होते. असं काही रोज बघायला मिळत नाही.

थर्मामीटर डबीपेक्षा एक अंश जास्तच दाखवत होतं.

"रोज असंच राहते का वं?" बाबांनी विचारलं. आवाज बराच खाली होता.

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "आज बरं हाय. वारा येऊन राहिला खिडकीतून."

त्याच संध्याकाळी बाबांनी नवऱ्याला बोलावून एक शोध जाहीर केला. स्वयंपाकघरात डक्ट नसणं ही या घराच्या रचनेतली मोठी चूक आहे. रचना कोणाची होती, हे आम्ही विचारलं नाही. नवरा तोंड उघडणार होता, मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

मिस्त्री पत्रा घेऊन आला. बाबांच्या देखरेखीखाली, म्हणजे दर दोन खिळ्यांमागे एक सूचना ऐकत, त्याने डक्ट आत आणला. हवेचं तोंड गॅसकडे पाठ करून, दाराच्या वर. गॅसची ज्योत जरा हलते, पण विझत नाही. खिडकीला हिरवी जाळी लागली. सासूबाईंनी पहिल्यांदा त्या हवेखाली उभं राहून पदर मानेवरून बाजूला केला आणि डोळे मिटले. बाबा तेव्हा मुद्दाम मिस्त्रीशी बोलत होते.

नंतर एकदा मी सासूबाईंना विचारलं, "आई, इतकी वर्षं तुम्ही बोलल्या का नाहीत?"

"बोलली का नाई?" त्या हसल्या. "दरसाल सांगत होती. म्हणत होती, लई गरमी होते. पर गरमी होते म्हणून कोणी ऐकते का? बेचाळीस म्हटलं त ऐकलं."