कालचा पाव

"घरात आम्ही काळा पाव चघळायचा आणि पांढरा पाव तुमच्या चित्रांची नाकं पुसायला!" लीफेन मास्तरांची बायको बार्बारा कडाडली, तेव्हा कोलेता मोलकरीण दाराआड फडकं पिळत होती.

"अगं, चुका पुसायला लागतो तो."

"मग आधी स्वतःलाच पुसा!"

मासळीबाजारावरच्या माडीत मास्तरांनी चित्रशाळा काढली, त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. तीन विद्यार्थी आणि प्लास्टरचं एक मुंडकं, एवढाच पसारा. कोळशाची रेघ चुकली की पावाच्या गराने पुसायची. पाव मात्र कालचाच हवा, ताजा कागदाला चिकटून सगळं बरबटवतो. कोलेता रोज सकाळी कालचा पाव आणायची, कडा कापायची, गर प्रत्येकाच्या जागेवर ठेवायची. कडा तिच्या रात्रीच्या रश्शात जायच्या. पुढे बार्बारा वारली, विद्यार्थी चाळीस झाले, पाव कालचाच राहिला.

मग मास्तरांची नजर गेली. एकदा त्यांनी खुंटीवरच्या कोटाला नमस्कार केला, कोटाच्या वतीने उत्तर कोलेतानेच दिलं. हल्ली ते बरोबर आलेल्या रेघाही पुसत. विद्यार्थी बिचारे, मास्तर वळले की त्या परत काढत.

अशात शाळा नगरपालिकेकडे गेली. म्हाताऱ्याला अजून शिकवता येतं का, हे बघायला चार साहेब येणार होते.

"मास्तर, आज नुसतं बोला. कागदाला हात नको," कोलेता म्हणाली.

"मग शिकवू काय, डोंबल?"

तिने काय करावं? त्या दिवशी तिने मुद्दाम भट्टीतला ताजा पाव आणला. हा हाताला लागल्यावर तरी पुसणार नाहीत.

साहेब टोप्या हातात धरून उभे. ह्यूबर्ट नावाच्या विद्यार्थ्याने कागदावर एक म्हातारा असा काढला होता, की आता खोकतोय वाटावं. मास्तरांनी गर उचलला आणि हसले.

"कोलेते, गरम आहे गं हा! बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकलीस. जा, कालचा आण. या म्हाताऱ्याचं नाक फार वाकडं झालंय."

नाक सरळ होतं. ह्यूबर्टने तिच्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मुद्दाम आणला म्हणावं, तर कशासाठी, तेही सांगावं लागणार. 

ती खाली उतरली.

"आज परत? कालचाच ना?" भट्टीवाल्याने विचारलं.

"कालचाच."

साहेब आता मास्तरांना घरी बसवणार आणि तिलाही; त्या माडीचा जिना ती शेवटचा चढत होती, पण पावलं रोजचीच पडली. तिने कडा कापून ओच्यात टाकल्या, गर अंगठ्याने मळून मऊ केला आणि मास्तरांच्या पसरलेल्या तळहातावर ठेवला.