‘नये’ कुठे गेलं

“तिले काऊन विचारता सर? थे तं विचारच इंग्रजीत करते.”

पार्टिशनच्या पलीकडून दादाचा आवाज आला आणि सर हसले. दादा म्हणजे आमच्या आर्वीच्या ऑफिसातला सगळ्यात जुना प्रोग्रामर. मी पार्टिशनच्या या बाजूलाच बसले आहे हे त्या दोघांनाही माहीत होतं. मी स्क्रीनकडे बघत राहिले. काही ऐकूच आलं नाही असं दाखवणं मला शाळेपासून जमतं.

सरांनी एवढंच विचारलं होतं, की मराठी उत्तरं कोणी नीट वाचून पाहिली का. शेतीसल्ल्याच्या पुस्तिकांमधून शोधून फोनवर उत्तर देणारी सोय आम्ही तयार करत होतो. शेतकऱ्याने बोलून विचारायचं, फोनने बोलून सांगायचं. दुसऱ्याच दिवशी रोहणा गावातल्या शेतकऱ्यांच्या बैठकीत ती सगळ्यांच्या फोनवर सुरू करून द्यायची होती.

उत्तरं मी पाहिली होती. म्हणूनच त्या सकाळी लवकर येऊन बसले होते.

आदल्या दिवशी, रविवारी, मी आंजीला मावशीकडे गेले होते. मावशी दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, म्हणजे तण काढायला, जाते. मी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, काहीतरी विचार.

“मशीनले काय विचारू वं? तुह्या लग्नाचं विचारू?”

“शेतीचं विचार, मावशी.”

तिने पदर नीट केला, जणू समोर कोणी मोठा माणूस बसला आहे. “कपाशीवर आज फवारलं, तं आजच निंदाले जाऊ का?”

फोन स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाला, “हो, फवारणी झालेल्या शेतात त्याच दिवशी निंदणीसाठी जाऊ शकता.”

“पाह्य,” मावशी म्हणाली. “मालकीणबाई हेच म्हणे. मीच उगाच भिऊन राह्यलती.”

मी म्हटलं, जाऊ नको, हे चुकलंय. तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तूच बनवलं ना हे?”

मी तिचा प्रश्न आणि फोनचं उत्तर वहीत उतरवून घेतलं.

सोमवारी ऑफिसात येऊन मी ती पुस्तिका उघडली. पुस्तिकेत चूक नव्हती. चूक आमच्या कापण्यात होती. अख्खी पुस्तिका एकदम यंत्रापुढे ठेवता येत नाही, म्हणून तिचे तुकडे करून ठेवायचे असतात. प्रश्न आला की त्याच्या जवळचे तुकडे शोधले जातात आणि तेवढेच वाचून यंत्र उत्तर लिहितं. आमचे तुकडे ठरावीक अक्षरांवर कापलेले होते. कात्री जिथे पडेल तिथे. मावशीच्या प्रश्नाचा तुकडा असा संपत होता: ‘फवारणी झालेल्या शेतात त्याच दिवशी निंदणीसाठी जाऊ’. पुढचा तुकडा सुरू होत होता ‘नये’ने, आणि मग लगेच बियाण्यांच्या साठवणुकीची माहिती. तो तुकडा या प्रश्नाला कशाला सापडेल? यंत्राला ‘जाऊ’ मिळालं. त्याने पुढे ‘शकता’ लावलं.

इंग्रजीत नकार आधी येतो. वाक्य कुठेही तुटलं तरी ‘करू नका’ बहुधा पहिल्या तुकड्यात राहतं. मराठी शेवटपर्यंत थांबायला लावते. माझी शाळा इंग्रजी; आठवीपर्यंत मराठीच्या पेपरात माझे मार्क त्याच थांबण्यात जायचे. मी अजूनही मराठी हळू वाचते, बोट ठेवल्यासारखी, कारण मधेच अर्थ लावायची मला हिंमत होत नाही. घाईने वाचणाऱ्याला ते ‘नये’ तिथे नसतानाही दिसलं असतं.

दादाच्या टेबलाशी जाऊन मी दोन्ही तुकडे दाखवले.

“बाप्पा!” तो म्हणाला. मग खुर्ची मागे रेटून हसला. “एवढ्याशा ‘नये’साठी एवढं तोंड पाडून बसली? इंग्रजी पुस्तिकांले हेच माप लावलं होतं मॅडम, एक तक्रार आली नाई. थांब, पूर्णविरामावर कापू. पाच मिनिटाचं काम आहे.”

त्याने खरंच तसं केलं. मी नवे तुकडे वाचायला बसले. आता ‘मि.ली.’ मधल्या टिंबावर औषधाचं माप तुटलं होतं; ‘मि.’ एका तुकड्यात आणि ‘ली.’ दुसऱ्यात. एका ठिकाणी ‘पुढील गोष्टी टाळाव्यात’ हा मथळा वरच्या तुकड्यात राहून गेला होता, आणि खाली सुटलेली यादी वाचली तर त्या सगळ्या गोष्टी करायला सांगितल्यासारख्या वाटत होत्या.

दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. या वेळी तो हसला नाही. “हे तं हातानं पाहा लागन,” तो म्हणाला. “पण उद्याचं काय? सर शब्द देऊन बसले.”

पार्टिशनपलीकडे सर फोनवर रोहण्याच्या लोकांशीच बोलत होते. मंडप झाला का, बायाही येणार आहेत का, असं काहीतरी. हो, बायांनाही आणा, त्यांच्याही कामाचं आहे, ते म्हणत होते.

“तू सांग,” दादा हळूच म्हणाला. “मी गेलो तं म्हणतीन, यानंच कापलं अन् आता हाच रडून राह्यला.”

मी मनात वाक्य जुळवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मराठीतलं मधेच अडलं. तेवढ्यात मला मावशीसारख्या बाया दिसल्या, फोन कानाला लावून बांधावर उभ्या, ओल्या पिकात उतरायच्या आधी. वाक्य अर्धवट होतं तशीच मी उठले आणि सरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. सरांनी फोनवर हात ठेवला आणि भुवया उंचावल्या.

“सर, उद्याचं रद्द करा,” मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “उत्तरं उलटी येतायत, बाया विषारी शेतात जातील. सगळे तुकडे मी स्वतः वाचून पुन्हा करते. अन् कोणी विचारलं काऊन थांबलं, तर माझं नाव सांगा.”